विकायचं कुणाला?

नाशिकने 2014 साली केबीसी मल्टिट्रेड पाहिलं. साखळी योजनेत शेतकऱ्यांचे, नोकरदारांचे, निवृत्तांचे पैसे गेले. प्रमुख भाऊसाहेब चव्हाण सिंगापूरला निघून गेला. 2016 मध्ये परतताना मुंबई विमानतळावर पकडला गेला. आज त्याच शहरातली तरुण मुलं मोबाइलवर नवनवी क्रिप्टो टोकन घेतात. किती पट होणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. विकायला जाऊ तेव्हा समोरून पैसे कोण देणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न हाच.

•

पुण्यात गाजलेली गेनबिटकॉइन योजना. ती चालवणाऱ्या अमित भारद्वाजने 18 महिने दरमहा 10 टक्के परताव्याची हमी दिली होती. परतावा भागेना, तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच टोकन लोकांच्या हाती ठेवलं. त्याची बाजारातली किंमत अगदीच कमी होती. 2018 मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले, पुढे तपास सीबीआयकडे गेला. टोकन छापायला खर्च जवळपास शून्य. म्हणून देणं टोकनने फेडणाऱ्यापासून सावध राहावं.

•

‘मार्केट कॅप 200 कोटी’ ऐकून लोक भुलतात. हिशेब करून पाहा. एकूण 100 कोटी टोकन, भाव 2 रुपये, म्हणून 200 कोटी. पण विकेंद्रित एक्स्चेंजवर विक्री होते ती पूलमधून, म्हणजे टोकन आणि पैसे यांच्या एकत्र साठ्यातून. समजा, पूलमध्ये आहेत 10 लाख टोकन आणि 20 लाख रुपये. नेहमीच्या सूत्रात या दोन आकड्यांचा गुणाकार कायम राहतो. आता कुणी 10 लाख टोकन विकली, म्हणजे एकूण टोकनांचा हजारावा हिस्सा. त्याला 20 नव्हे, 10 लाखच मिळतात आणि भाव 50 पैशांवर येतो. लासलगावात कांद्याच्या लिलावाला एकच व्यापारी यावा आणि त्याच्या खिशात एका ट्रॅक्टरपुरतेच पैसे असावेत, तशी ही गत. पूलमधली रक्कम आधी पाहा, भाव नंतर.

•

पूलमधली ती रक्कम कुलूपबंद आहे का, आणि किती दिवस? नसेल तर टोकन काढणारा ती रातोरात उचलू शकतो.

•

नोव्हेंबर 2021 मधलं स्क्विड टोकन. गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर निघालं, भाव 2,800 डॉलरच्या वर गेला, मग काही मिनिटांत शून्याजवळ. त्याआधीच अनेकांची तक्रार होती की घेता येतं, विकता येत नाही. आलेख चढतच होता, कारण विक्रीचं दार बंद होतं! सरळ चढणारा आलेख पाहून मला म्हणूनच धास्ती वाटते.

थोडं विकून पाहावं, हा सल्ला चांगला आहे, पण अपुरा. मालकाला कॉन्ट्रॅक्टमधले, म्हणजे टोकन चालवणाऱ्या कोडमधले, नियम बदलता येत असतील, तर आज झालेली विक्री उद्या अडेल. इथरस्कॅन, बीएससीस्कॅन ही संकेतस्थळं फुकट आहेत. कोड उघड आहे का, नवी टोकन काढण्याचा हक्क कुणाकडे, विक्रीवरचं शुल्क कोण वाढवू शकतं, पहिल्या 10 वॉलेटांत किती माल साचलाय, एवढं तिथे पाहावं. कोड वाचता येत नसेल तर जाणकाराला दाखवावा. टेलिग्रामवरचा ‘ॲडमिन’ हा जाणकार नव्हे.

•

टोकन चांगलं असलं तरी ते ठेवलेली जागा बुडू शकते. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली. ग्राहकांना पैसे काढता येईनात.

•

करही मोजा. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के, वर उपकर. एका टोकनात लाख मिळाले, दुसऱ्यात लाख गेले, तरी पहिल्यावर तीस हजार कर आहेच; तोटा वजा होत नाही.

•

मुदत ठेव मोडून, सोनं गहाण ठेवून नवं टोकन घेऊ नये. यावर मी तडजोड करणार नाही.

आणि फसला असाल तर घरच्यांपासून लपवू नका. व्यवहारांचे तपशील, वॉलेटचे पत्ते, चॅट जपून ठेवा आणि त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे आणखी दोन खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.