वाट्याला आलेला जॉर्डन

शाळेच्या ‘मॉडेल यूएन’मध्ये आमच्या नववीतल्या लेकीच्या वाट्याला जॉर्डन आला. अकोट्याहून दांडिया बाजारला आजीकडे जाताना अख्ख्या पुलावर तिची कुरकुर चालू. "बाबा, एवढासा देश काय बोलणार?"

रात्री दोघं वाचायला बसलो. 2004 साली काँगोतल्या शांतिसैनिकांवर बायका-मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. मी घाईने पुढचं पान काढायला गेलो. "थांब ना बाबा, वाचू दे," ती म्हणाली. मग वाचलं.

अशा सैनिकावर खटला चालवायचा अधिकार संयुक्त राष्ट्रसंघाला नाही, तो त्याच्या मायदेशाला. यावर उपाय सुचवण्याचं काम जॉर्डनचे राजदूत प्रिन्स झैद यांच्याकडे आलं. मार्च 2005च्या अहवालात त्यांनी लिहिलं: लष्करी न्यायालय शक्यतो जिथे गुन्हा घडला तिथेच भरवा, म्हणजे पीडितांना न्याय होताना दिसेल. चौकशीला तज्ज्ञ माणसं नेमा. सैनिकापासून मूल झालं असेल, तर त्याच्या पोषणाचा भार बापावर टाका. जॉर्डनचेही सैनिक शांतिसेनेत होते. म्हणजे हे नियम त्यांच्या घरालाही लागू होणार होते.

खटल्याचा निर्णय मात्र आजही मायदेशच घेतो.

"तेव्हा काँगोत आपले सैनिक होते?"

"हजारो होते."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाली, "पहिला प्रश्न मी भारतालाच विचारणार."

मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण वही मी तिच्याकडेच राहू दिली.