आबांची सावड

वाचकहो, एका बैलावर पेरणी होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या तरुणपणी माझा एक बैल आणि बांधाशेजारच्या आबांचा एक, अशी आमची सावड होती.

एका मृगात माझी पेरणी आधी उरकली. आबांची पाळी आली, त्या दिवशी मी माझा बैल दुसऱ्याकडे भाड्याने धाडला. चार पैसे मिळाले. आबांचा मात्र वाफसा गेला. ते भांडले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी सावड दुसऱ्याशी केली आणि बैलासाठी मी दारोदार फिरलो.

हे परवा आठवले ते आबांच्या नातीमुळे. पोरगी सूक्ष्मजीवांचे शास्त्र शिकते. हरभऱ्याचे रोप उपटून मुळावरच्या गाठी दाखवत म्हणाली, "आजोबा, हीसुद्धा सावडच. रोप जिवाणूंना साखर देतं, जिवाणू रोपाला हवेतला नत्र देतात. आता माणसंही सूक्ष्मजीवांची अशी सावड जुळवू लागलीत."

मग तिने यीस्टची गोष्ट सांगितली. पाव फुगवते तेच यीस्ट. २००७ साली अमेरिकेत वेनयिंग शौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे दोन वाण तयार केले. एकाला लायसिन हे पोषक द्रव्य स्वतः बनवता येत नाही, पण अ‍ॅडेनाइन तो गरजेपेक्षा जास्त बनवतो. दुसऱ्याचे नेमके उलटे. ही द्रव्ये नसलेल्या खाद्यात एकेकटे ठेवले तर दोघेही उपाशी मरतात. एकत्र ठेवल्यावर आधी उपासमार झाली, पण पुढे दोघेही वाढीला लागले.

"आणि एखाद्याने नुसतं घेतलं, दिलं नाही तर?" मी विचारले. विचारताना माझी मान खाली होती.

तेही पाहून झाले आहे म्हणे. तिसरा, नुसता खाणारा वाण त्यांच्यात सोडला. पातळ खाद्यात काही ठिकाणी हा ऐतखाऊ माजला आणि शेवटी सगळ्यांचीच वाढ खुंटली. काही ठिकाणी देणारे टिकले. २०१३ साली हेच वाण घट्ट थरावर वाढवलेले दाखवले, तेव्हा देणारे दोघे एकमेकांत मिसळून वाढले आणि ऐतखाऊ कडेला पडला. ढवळलेल्या पाण्यात दिलेले कुणाच्याही तोंडी जाते. जागच्या जागी मात्र ते शेजाऱ्याच्याच पदरात पडते, आणि शेजारी जगला की त्याचे देणे आपल्याकडे येते.

यीस्टला ना डोके, ना लाज. मला दोन्ही असून मी चुकलो.

आज आबा नाहीत, बैलही गेले. विहीर मात्र अजून सामाईक आहे. आबांच्या मुलाची पाण्याची पाळी असली, की मी माझी मोटर थोडी आधीच बंद करतो. त्याला कारण ठाऊक नाही, पण तुम्हाला सांगितले.

तुमच्या बांधापलीकडे कोण आहे, वाचकहो? त्याची पाळी चुकवू नका.