तो म्हणाला, समीर पूर्णवले

काल रात्री ‘कौन?’ पाहिला. पहिल्यांदा! 1999 सालचा सिनेमा, आणि इतकी वर्षं मला कुणी धरून बसवून कसा दाखवला नाही?

गुरुग्रामला दोन दिवस पाऊस कोसळतोय. गेटबाहेर गुडघाभर पाणी, रूममेट गावी गेलेली, 14व्या मजल्यावर मी एकटी. पडद्यावरही तेच! पाऊस, भलं मोठं घर, एकटी मुलगी आणि टीव्हीवर बातमी की शहरात खुनी मोकाट सुटलाय. मग बेल वाजते. बस, एवढंच भांडवल! तीन माणसं, एक घर, दीड तास, गाणं एकही नाही.

बाहेरचा माणूस नाव सांगतो, समीर पूर्णवले. इथे ऑफिसात महिनोन्‌महिने मराठी आडनाव कानावर पडत नाही हो. मला एकदम माहेरचं कुणी आल्यासारखं वाटलं. भिजतोय बिचारा, घे ना गं आत! मी चक्क मोठ्यानं म्हणाले. आणि मनोज वाजपेयी बोलतच राहतो, इतकं गोड, इतकं चिवट, की थोड्या वेळानं त्याच आडनावानं माझ्या अंगावर काटा आला. आता उघडू नकोस, बाई! दार उघडायचं की नाही, एवढ्या एका प्रश्नावर राम गोपाल वर्मांनी मला खिळवून ठेवलं. लेखन अनुराग कश्यपचं.

आणि ऊर्मिला मातोंडकर! ‘रंगीला’ची ऊर्मिला, तिला इथे नावसुद्धा नाही. जिन्यावर ती नुसती थबकते, कान देते, आणि माझाच श्वास अडकतो. आदल्याच वर्षी ‘सत्या’त ती, भिकू म्हात्रे झालेला मनोज आणि इथला तिसरा, सुशांत सिंह, असे तिघंही होते. तिथे त्यांना सगळी मुंबई होती, इथे चार भिंती. मला तर इथेच ऊर्मिला जास्त मोठी वाटली.

मध्येच वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंतचे ते काही सेकंद! मी उशी छातीशी धरून दाराकडेच बघत होते.

सिनेमा संपल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लावला, कारण शेवट कळल्यावर पहिला प्रसंगच वेगळा दिसतो. मग पावणेदोनला साताऱ्याला ताईला उठवलं. ताई, आत्ता लाव. मी फोनवर थांबते. नाही, शेवट नाही सांगणार, तू लाव तर आधी!