राहून गेलेले वंदन

वसतिगृहात असताना आम्ही दोघे मित्र इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर दडून बसत असू. तेच आम्ही एका मे महिन्यात थायलंडच्या ईसान, म्हणजे ईशान्य, भागातील शाळेत इंग्रजीचे शिक्षक म्हणून रुजू झालो. सकाळी ८ वाजता ध्वजवंदन, पादत्राणे वर्गाबाहेर. ही शिस्त अंगवळणी पडलेलीच होती. मात्र पालकांना गोरे शिक्षक अपेक्षित होते. आम्हांला पाहून त्यांचे चेहरे उतरले, तेव्हा आम्हीही मनातून खचलो.

थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ‘ल’चा ‘न’ होतो. क्रियापदे काळानुसार बदलत नाहीत. त्यामुळे मुले इंग्रजीत चुकत आणि चुकण्याच्या भीतीने गप्प राहत. ते मौन आमच्या ओळखीचे होते. आम्ही त्यांना आमच्याच जुन्या चुका सांगितल्या. मुले हसली आणि हळूहळू बोलू लागली.

जूनमध्ये ‘वाय ख्रू’ म्हणजे गुरुवंदनेचा दिवस आला. ‘ख्रू’ हा आपलाच ‘गुरू’. मुलांनी गुडघे टेकून आमच्यापुढे हरळी आणि वांग्याची फुले धरली. हरळी चिवटपणे पसरते, वांग्याचे फूल खाली झुकते. चिकाटी आणि नम्रता यांची ती खूण. आमचे डोळे भरून आले. ज्या गुरुजनांनी शेवटच्या बाकावरून आम्हांला पुढे आणले, त्यांना आम्ही निरोपाच्या दिवशीही नीट वंदन केले नव्हते. ते या स्मरणिकेतून त्यांच्यापर्यंत पोहोचावे.