एकलकोंडा आणि गोडबोल्या

माणसांना नावे ठेवण्याच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. एकलकोंडा, घुमा, तुसडा, माणूसघाणा, एककल्ली, विक्षिप्त! चारचौघांत न मिसळणाऱ्या माणसासाठी आपण केवढा शब्दसंग्रह करून ठेवला आहे! उलट, चारचौघांत साखरेसारखा विरघळून शेवटी आपल्याच मुळावर येणाऱ्या माणसासाठी आपल्याजवळ शब्द थोडे. आणि गंमत अशी, की 'गोडबोल्या' म्हणताना आपल्या ओठांवर हसू असते, तर 'माणूसघाणा' म्हणताना कपाळावर आठी!

वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवल्यामुळे शब्दांच्या कुळकथा शोधण्याची मला खोड लागली आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी काढला, तो स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांच्या एका लक्षणासाठी. पुढे 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत लिहिली. ही मुले लहानपणापासूनच आपल्यातच रमणारी आणि नित्यक्रमात जराही बदल न खपणारी अशी होती. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी अशाच काही मुलांचे वर्णन केले आणि त्यांना नाव दिले 'ऑटिस्टिक सायकोपॅथ'. त्या काळच्या जर्मन वैद्यकात 'सायकोपॅथ' म्हणजे स्वभावाची घडण वेगळी असलेला, एवढाच अर्थ होता. पण इंग्रजीत त्याच शब्दाला सदसद्विवेक नसलेल्या, निर्ढावलेल्या माणसाचा अर्थ चिकटला. म्हणून 1981 मध्ये लंडनच्या लॉर्ना विंग यांनी ते नावच बदलून 'आस्पेर्गर सिंड्रोम' असे केले. 2013 पासून अमेरिकेच्या निदानग्रंथात तेही नाव स्वतंत्र उरले नाही. सारे स्वमग्नतेच्या एकाच छत्राखाली आले.

विंगबाईंनी जो घोळ निस्तरला, तोच गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पुन्हा घातला गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या सोळा वर्षांच्या मुलाविरुद्ध एक कागद सह्यांसाठी फिरू लागला. आईबाप बरोबर असल्याखेरीज त्याला खाली आवारात सोडू नये, अशी मागणी होती आणि कारण म्हणून एकच शब्द होता: 'सायको'.

मुलाचे गुन्हे ऐका. तो कुणाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत नाही. लिफ्टमध्ये शिरला की किती माणसे नि किती किलो ही पाटी मोठ्याने वाचतो आणि एक माणूस जास्त झाला तर त्याला बाहेर काढतो. आणि सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले त्या दिवशी, बायका रडत असताना त्याने आजींना विचारले, "आजोबांचा चष्मा इथेच राहिला. तो आता कुणाचा?"

"दया नाही, माया नाही. उद्या कुणाच्या जिवावर उठेल, बाई!" सेक्रेटरी मला म्हणाले.

मुलाची आई तेवढ्यात जिन्यात भेटली. "पाच वर्षांचा असतानाच डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली होती," ती म्हणाली. "पण हे किती जणांना नि किती वेळा सांगत बसू?"

वाचकहो, फरक नेमका इथेच आहे. स्वमग्न मुलाला समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन वाचणे अवघड जाते. पण समोरच्याला दुःख झाले आहे हे एकदा कळले, म्हणजे त्याला ते लागते, कधी कधी आपल्यापेक्षाही जास्त. समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार असलेल्याचे बहुधा उलटे असते. दुसऱ्याचे मन तो छान वाचू शकतो, पण त्या मनाची कदर त्याला नसते. एक नियमाला घट्ट धरून बसतो, दुसरा नियम पायदळी तुडवतो. एकाला खोटे बोलणे बरेचदा जमतच नाही, दुसऱ्याचे त्यावाचून चालत नाही. स्वमग्नता बालपणापासून असते; दुसऱ्या विकाराचे निदान तर अठरा वर्षांच्या आत करतच नाहीत आणि पंधराव्या वर्षाआधीच्या वर्तनाचा पुरावाही लागतो. क्वचित एकाच माणसात दोन्ही असू शकतात. म्हणूनच हा निवाडा सारा पूर्वेतिहास तपासून डॉक्टरांनी करायचा, लिफ्टमधल्या शेजाऱ्यांनी नव्हे.

आमच्याच सोसायटीत दोन वर्षांपूर्वी एक भाडेकरू राहत होते. जिभेवर खडीसाखर. प्रत्येक मावशीच्या पाया पडायचे. काशीयात्रेच्या नावाखाली त्यांनी आठ म्हाताऱ्यांचे पैसे गोळा केले आणि एका रात्रीत बिऱ्हाड हलवले. त्यांना काही विकार होता की नव्हता, मला ठाऊक नाही. लुच्चेपणा हा प्रत्येक वेळी आजार नसतो. पण त्यांच्याविरुद्ध कधी कागद फिरला नाही. उलट, त्या वर्षीच्या गणेशोत्सवाचे खजिनदार तेच होते!

सभेच्या दिवशी मी एवढेच सुचवले, की 'सायको' हा शब्द काढून त्या जागी मुलाने जे केले ते साध्या मराठीत लिहावे. सेक्रेटरींनी लिहिले: मुलगा पाटी वाचतो, मान खाली घालतो, चष्म्याची चौकशी करतो. मग त्यांनी कागद वाचला, थोडे थांबले आणि म्हणाले, "यात तक्रार कुठे आहे?" आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी विचारले होते त्याला, चष्म्याचे का रे काढलेस म्हणून. म्हणाला, आजोबांना चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही, मग नेताना त्यांना कुणी दिला का नाही?"

सभेत पुढे कुणी बोलले नाही. कागद मागे घेतला गेला.

2010 साली 'माय नेम इज खान' आला. त्याच्या नायकाचे बालपण आपल्या बोरिवलीतले. अमेरिकेतल्या विमानतळावर त्याच्या चमत्कारिक वागण्यावरून अधिकारी त्याच्यावर संशय घेतात, तेव्हा उपनगरांतल्या थिएटरांत पुष्कळांनी डोळे पुसले असतील. पडद्यावरच्या एकलकोंड्यासाठी रडणे सोपे असते. शेजारच्या एकलकोंड्याला मात्र आपण खुलासा विचारतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला आपल्या यादीत जागा दिली. पण जिन्यात जागा कायदा देत नाही, ती शेजाऱ्यांनी द्यायची असते.

खरे सांगायचे तर 'स्वमग्न' हाही शब्द मला पुरता पटत नाही. तो मुलगा स्वतःत कुठे मग्न आहे? तो मग्न आहे मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात. परवा मला स्टेशनच्या वाटेवर पाहून, नजर जमिनीवर ठेवूनच तो म्हणाला, "बाई, तुमची गाडी आज सात मिनिटे उशिरा आहे. धावू नका."

माझ्या धापेची दखल घेणारा त्या अख्ख्या रस्त्यावर तो एकटाच होता.