हॅम्लेटनंतर काय पाहावें?

वर्गांत 'हॅम्लेट' शिकवून संपलें कीं, आमचे विद्यार्थी दरवर्षीं हटकून विचारतात, "सर, असाच एखादा चित्रपट सांगा ना." या 'असाच' शब्दांत खरी मेख आहे. सूडाच्या चित्रपटांचा आपल्याकडे कधींच तोटा नव्हता. बापाचा खून, मुलाची प्रतिज्ञा आणि अखेरीस खलपुरुषाचा निःपात, एवढ्या भांडवलावर कितीएक चित्रगृहांचीं भाडीं निघालीं असतील! परंतु ज्यास हॅम्लेट आवडला त्यास सूड आवडला, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यास आवडला तो विलंब. पित्याचें पिशाच्च पहिल्याच अंकांत आज्ञा देऊन जातें व ती पार पडावयास पांचवा अंक उजाडतो. मधल्या अवकाशांतच तें नाटक आहे. आगरकरांनीं १८८३ सालीं आपल्या भाषांतरास 'विकारविलसित' हें नांव दिलें, त्यांत सूडाचा उच्चारहि नाहीं. तरी वर्गांत कोणी ना कोणी राजपुत्रास भेकड ठरवितोच. त्याच्यासाठीं चित्रपट निवडतांना आम्ही रक्त किती सांडतें हें पाहत नाहीं. उगारलेला हात कशानें अडतो, हें पाहतों.

खुद्द नाटकावरील चित्रपटांत ऑलिव्हिएचा १९४८ चा सर्वांस ठाऊक असतो. त्यानें फॉर्टिन्ब्रास गाळला, राजपुत्राचे दोन्ही कपटी मित्र गाळले, आणि उरला तो धुक्यांत एकटा फिरणारा माणूस. आमचें मत कोझिंत्सेव्हच्या १९६४ च्या रशियन चित्रपटास. भाषांतर पास्तरनाकचें, संगीत शोस्ताकोविचचें. येथें किल्ला हाच तुरुंग आहे; शोकाकुल ओफेलियेच्या अंगावर दासी लोखंडी सांगाडा चढवितात, तें दृश्य विसरतां येत नाहीं. अशा राज्यांत विचार करणें हेंच धाडस ठरतें.

त्यानंतर कुरोसावाचा १९६० चा चित्रपट पाहावा. दुर्जनांस सुखाची झोप लागते, अशा अर्थाचें त्याचें इंग्रजी नांव प्रसिद्ध आहे, आणि तें पुरतें उपरोधिक आहे. टोकियोंतील एका सार्वजनिक महामंडळाच्या अधिकाऱ्यांनीं आपलें पाप झांकण्यासाठीं एका माणसास सातव्या मजल्यावरून उडी घ्यावयास लावलेली असते. त्याचा मुलगा नांव बदलून मुख्य अपराध्याच्याच मुलीशीं लग्न करतो. मेजवानींत केक येतो तो त्या इमारतीच्या आकाराचा, आणि नेमक्या त्या खिडकींत एक गुलाब खोंचलेला! येथवर सारें आखल्याप्रमाणें होतें. पण पांगळ्या बायकोवर त्याचें खरोखरच प्रेम जडतें, आणि हिशेब तेथें चुकतो. त्याचा मृत्यु आपणांस पडद्यावर दिसतहि नाहीं; दिसते ती चिरडलेली मोटार. सासरा मात्र टेलिफोनवर कोणा अदृश्य वरिष्ठापुढें लवून बोलत राहतो.

बर्गमनचा 'व्हर्जिन स्प्रिंग' (१९६०) मुलें निजल्यावरच लावावा. त्यांतील अत्याचार सोसवत नाहीं. मध्ययुगीन स्वीडनमधील बाप मुलीच्या मारेकऱ्यांस मारण्यापूर्वीं एक कोवळें झाड उपटतो, स्नान करतो, आणि मग सुरी घेऊन बसतो. येवढा विलंब होऊनहि हात थांबत नाहीं. त्यांच्यासोबतचें निरपराध पोरहि त्याच्या हातून मरतें. आमच्या घरीं हा चित्रपट संपल्यावर दिवा लावावयास कोणी उठलें नाहीं.

शेवटीं विशाल भारद्वाजांचा 'हैदर' (२०१४). काळ १९९५ चा, स्थळ काश्मीर. येथें बाप मेला कीं जिवंत आहे, हेंच पुष्कळ काळ कळत नाहीं, आणि म्हणून आईची भूमिका मूळ नाटकाहून किती तरी खोल झाली आहे. तब्बूनें ती केली आहे. बर्फांत पाय गमावलेला चुलता मरणाची भीक मागतो, पुतण्याच्या हातांत बंदूक असते, आणि तो तशीच पाठ फिरवून निघून जातो. हा चित्रपट पाहून आलेल्या विद्यार्थ्यास आम्ही विचारतों, "हाहि भेकडच काय?" तो बहुधा लगेच उत्तर देत नाहीं.