पिंजारी, विणकर, शिंपी

६ जुलै २०२५, रविवार
आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख यंदा एकाच दिवशी आली. भिवंडीच्या नारपोलीत सकाळपासून भोंग्यावर अभंग आणि नाक्यावर मोफत सरबताच्या सबीलीचं टेबल. ते गुलाबी सरबत उपासाला चालतं का, यावर घरात खल झाला. ‘दूध-साखरच तर आहे,’ म्हणत आईने निकाल दिला आणि दुसरा पेला मागवला.

दुपारी मामांचा फोन. मागांच्या वाटणीवरून ज्या चुलतभावाशी आमचा अबोला आहे, त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरलाय. ‘मोठ्या मनाने माफ कर आणि ये,’ म्हणाले. येणं ठीक आहे, पण मोठं मन कुठून आणायचं? आणि आणलं तर ते मिरवणार कोण? माफ करणारा एक पायरी वर चढून उभा राहतो. भांडणातला ‘मी’ तसाच राहतो, वर त्याला पुण्याईचा फेटा मिळतो.

१० जुलै, गुरुपौर्णिमा
गणेशपुरी. अंबाडीपर्यंत वाडा रस्ता, पुढे वज्रेश्वरी, सगळीकडे गर्दी. नित्यानंद केरळातून आले, लंगोटीवर राहिले, फार बोलले नाहीत आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी इथेच समाधिस्थ झाले. त्यांचे शिष्य मुक्तानंद मात्र भरपूर बोलले आणि ‘देव तुझ्यात तूच होऊन राहतो’ हा विचार त्यांनी पार अमेरिकेपर्यंत नेला. रांगेत एक गृहस्थ पुढे घुसले, तेव्हा मागच्या बाई म्हणाल्या, ‘देव तुमच्यातच आहे ना भाऊ, मग एवढी घाई कशाला?’ दिवसभरातलं सगळ्यात चांगलं प्रवचन ते.

१४ जुलै
नामदेवांची कथा पुन्हा वाचली. लहानपणी ती चमत्कार म्हणून ऐकली होती, आता भलतीच व्यवहारी वाटते. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचं जेवतो, तो हा भक्त. तेरला संत जमले असताना गोरोबाकाका कुंभारी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत मडकी तपासू लागले. बाकीच्यांनी सोसलं, नामदेव भडकले. मडकं कच्चं ठरलं. देवाशी सलगी हाच त्यांचा अहंकार होता. पैशाचा किंवा जातीचा अहंकार ओळखू तरी येतो.

मग गुरूच्या शोधात निघालेल्या नामदेवांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचर भेटले, पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय उचलले आणि जिथे ठेवावेत तिथे पिंडी. (नानकांच्या मक्केच्या यात्रेतही जवळजवळ हाच प्रसंग सांगतात.)

पण हे विसोबा कोण? आळंदीत ज्यांनी ज्ञानेश्वरादी भावंडांना छळलं, मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू दिलं नाही, तेच. छळणारा पुढे गुरू होतो, तोही भावंडांच्या लाडक्या नामदेवाचा. ‘तुला क्षमा केली’ असं कुणी म्हटल्याचं मला तरी या कथेत आढळत नाही. त्याला नुसतं आपल्यात घेतलं गेलं.

आणि ते सोपं नव्हतं. लोकांच्या बोलण्याने दुखावून खुद्द ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली होती. ती उघडायला लावली धाकट्या बहिणीने. ज्ञानेश्वर चिडलेच नाहीत असं आपण धरून चालतो, ते मला पटत नाही.

१८ जुलै, शुक्रवार
गल्लीतले माग बंद, त्यामुळे वाचायला शांतता. बगदादचा मन्सूर हल्लाज कापूस पिंजणाऱ्याचा मुलगा. ‘मीच सत्य’ म्हणाला आणि इ.स. ९२२ मध्ये त्याला सुळी दिलं. मारणाऱ्यांना क्षमा कर, अशी त्याने मरताना देवाला विनवणी केली, असं सूफी परंपरा सांगते. इथे मी अडकलो. ‘मीच’ म्हणणारा माणूस क्षमा स्वतः देत नाही, ती दुसऱ्याकडून मागतो! म्हणजे त्याचा ‘मी’ आपल्या ‘मी’पेक्षा वेगळाच असणार. मन्सूर पिंजाऱ्याच्या घरचा, कबीर विणकर, नामदेव शिंपी: हे नारपोलीत बसून वाचायला मजा येते. कबीर आणि नामदेव तर गुरू ग्रंथसाहिबात एकत्र आहेत. त्यात नामदेवांची ६१ पदं.

२२ जुलै, नामदेव पुण्यतिथी
बाबा क्वचित ७ मे १९७० बद्दल बोलतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली, मग जळगाव आणि महाड. न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा तेच. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. बाबा सांगतात, तिथे क्षमा कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही; गटार, भोंगे, मिरवणुकीचा रस्ता यांवरच बोलणं व्हायचं. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पण म्हणून आयोगाचा अहवाल फाडून टाकावा, असं बाबांनी कधी म्हटलं नाही.

मामांना कळवलं: साखरपुड्याला सगळे येतो, आईही येईल. मागांच्या हिशेबाची वही वकिलांकडे आहे, ती तिथेच राहील.